मालिका वाढवली!

मराठी माणसाचं 'संपणे' या क्रियापदाशी पिढ्यान् पिढ्यांचं वाकडं आहे. आमच्याकडे करंड्यातलं कुंकू संपत नाही, ते 'वाढतं'. बांगडी फुटत नाही, ती 'वाढवली' जाते. मंगळसूत्र तुटलं तरी ते 'वाढलं'च म्हणायचं. देवापुढे नारळ 'फोडला' म्हटलं तर देवसुद्धा दचकेल. नारळ वाढवायचा असतो. जुन्या वळणाचा दुकानदार रात्री फळ्या लावतो, कुलूप घालतो, दोनदा ओढून बघतो आणि म्हणतो, "दुकान वाढवलं." त्याचं दुकान दहा बाय आठचं असतं आणि जन्मभर तेवढंच राहतं, तरी तो ते रोज रात्री वाढवतो. पाहुणा निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. (काही पाहुणे हा शब्द पाळतात, ही तक्रार वेगळी.) आणि दहा दिवसांच्या गणपतीला पाण्यात सोडताना आपण काय करतो? डोळे पुसत पुसत पुढच्या वर्षी लवकर यायचा दम भरतो.

अशा समाजापुढे एक दिवस टेलिव्हिजनने 'अंतिम भाग' नावाची पाटी आणून उभी केली. आता काय होणार?

आमच्या मालिकावाल्यांनी यातून सोपा मार्ग काढला. 'वाढवणे' हे क्रियापद त्यांनी शब्दशः घेतलं. 'चार दिवस सासूचे' ही मालिका २००१ साली सुरू झाली. नावाला जागून ती त्याच आठवड्यात आटपायला हवी होती. ती २०१३ पर्यंत चालली आणि तिचे तीन हजारांवर भाग झाले. सासूच्या चार दिवसांची ही कथा, तर सुनेचे चार दिवस यायला नातसून म्हातारी झाली असती! पण यात आपणच तेवढे दोषी आहोत असं समजू नये. अमेरिकेत 'मॅश' नावाची मालिका होती. कोरियाच्या युद्धातल्या लष्करी दवाखान्याची गोष्ट. खरं युद्ध १९५० ते १९५३, म्हणजे तीन वर्षांत थांबलं. मालिका १९७२ ते १९८३, अकरा वर्षं चालली. सैन्य घरी जाऊन म्हातारं झालं तरी दूरचित्रवाणीवर लढाई चालूच. २८ फेब्रुवारी १९८३ ला तिचा अडीच तासांचा शेवटचा भाग झाला, तो दहा कोटींवर अमेरिकनांनी पाहिला. एका युद्धाचा शेवट इतक्या दुःखाने पाहिला गेल्याचं उदाहरण इतिहासात दुसरं नसावं.

टेलिव्हिजन यायच्या आधीसुद्धा लोक असेच होते. डिसेंबर १८९३ मध्ये कॉनन डॉयलने शेरलॉक होम्सला स्वित्झर्लंडमधल्या धबधब्यात ढकललं. कंटाळला होता बिचारा त्याला! वाचक खवळले. मासिकाची वर्गणी हजारोंनी बंद केली. एका बाईंनी तर डॉयलला पाठवलेल्या पत्राची सुरुवातच शिवीने केली, असं त्यानेच पुढे लिहून ठेवलंय. शेवटी १९०३ मध्ये होम्स परत आला आणि आपण त्या दरीत पडलोच नव्हतो, असं त्याने शांतपणे सांगितलं. वाचकांनी त्यावर एकही शंका विचारली नाही. मेलेला माणूस दहा वर्षांनी दारात उभा राहिला की 'कसा आलास' असं विचारायचं नसतं. पाट मांडायचा असतो.

अलीकडचं उदाहरण 'सोप्रानोज'चं. १० जून २००७ ला तिचा शेवटचा भाग लागला आणि ऐन वेळी, एका हॉटेलात माणसं खात बसली असताना, पडदा एकदम काळा झाला. संपलं! केबल गेली असं समजून अमेरिकन माणूस आपल्या केबलवाल्याच्या नावाने बोटं मोडू लागला. आमच्याकडे १९८७ साली असं झालं असतं, तर एक जण गच्चीवर जाऊन अँटेना फिरवत राहिला असता, दुसरा जिन्यातून "आलं का?" ओरडला असता, तिसरा घरातून "गेलं!" म्हणाला असता, आणि मालिका संपल्याचं बुधवारपर्यंत कुणाला कळलं नसतं.

१९८७ चा उल्लेख मुद्दाम केला. कारण शेवटच्या भागामुळे साऱ्या जगात लोक रडले असतील, रागावले असतील, पत्रं लिहिली असतील. पण शेवटचा भाग मान्य नाही म्हणून शहरंच्या शहरं बंद पाडली आणि सरकारकडून पुढचे भाग मंजूर करून घेतले, हा पराक्रम भारतवर्षातच झाला. आणि तो ज्यांनी केला त्यांची नावं कुठल्याही श्रेयनामावलीत झळकली नाहीत.

रामानंद सागरांचं 'रामायण' २५ जानेवारी १९८७ च्या रविवारी सुरू झालं. सकाळी साडेनऊची वेळ. त्याआधी 'हम लोग'ने आम्हाला मालिकेची चटक लावली होती. १९८४ च्या जुलैत सुरू होऊन १९८५ च्या डिसेंबरात ती संपली, तेव्हा भागाच्या शेवटी येऊन चार समजुतीच्या गोष्टी सांगणारे अशोककुमार आता कुठे भेटणार, या चिंतेत आमची चाळ आठवडाभर होती. पण 'हम लोग' म्हणजे शेजारच्या बिऱ्हाडातली भांडणं. 'रामायण' म्हणजे देव घरी येणार होते!

आमच्या चाळीत तेव्हा तीन टीव्ही. त्यातला रंगीत एकच, तळमजल्यावरच्या नानांचा. इतर दिवशी नाना त्या टीव्हीवर विणलेलं कव्हर घालून, त्यावर काचेचा मासा ठेवून, दाराला आतून कडी लावून बसत. रविवारी सकाळी त्यांच्या खोलीत साठ माणसं आणि उंबऱ्याबाहेर साठ जोड चपला असत. चपला घालून रामापुढे कोण बसणार? टीव्हीला हार. पुढे उदबत्ती. उदबत्तीच्या धुरातून रावण दिसायचा तो आणखी भयंकर दिसायचा. आमची आत्या आंघोळ करून, धुवट नऊवारी नेसून, नऊ वाजताच पहिल्या रांगेत मांडी घालून बसे आणि पडदा उजळला की हात जोडी. नेमकं रामायण कुठून सुरू होतं हे तिला कळत नसे, त्यामुळे आधीच्या धुण्याच्या पावडरीच्या जाहिरातीलाही भक्तिभावाने नमस्कार घडे. "कशाला धोका पत्करा?" असं तिचं म्हणणं.

बाहेर तर संचारबंदी. रस्ते ओस. लग्नाचे मुहूर्त साडेनऊ-साडेदहा सोडून काढले जात. रेल्वेगाड्या स्टेशनात थांबवून ड्रायव्हरपासून हमालापर्यंत सगळे फलाटावरच्या टीव्हीपुढे उभे, अशा बातम्या त्या काळी येत. आणि कथेला तर काही घाईच नव्हती. रामाचा बाण सुटायचा, रावणाचा सुटायचा, दोघे आकाशात समोरासमोर येऊन एकमेकांची ओळख करून घ्यायचे, तोवर आत्या गुडघा चोळून घ्यायची. मूळ मंजुरी ५२ भागांची होती. ती वाढत वाढत ७८ वर गेली. गुजरातेतलं उंबरगाव, आपल्या महाराष्ट्राची हद्द ओलांडली की लगेच लागणारं, तिथे हे सगळं चित्रण चाले.

आणि ३१ जुलै १९८८ ला ते संपलं. रावण मेला, बिभीषणाला गादी मिळाली, राम अयोध्येला आले, राज्याभिषेक झाला. नानांच्या खोलीत पेढे वाटले. सगळ्यांचे डोळे पाणावले. पुढच्या रविवारी साडेनऊला काय करायचं, या विचाराने पुरुषांचे डोळे जास्त पाणावले, कारण उत्तर समोर दिसत होतं: बाजारची पिशवी. एका वाक्यात सांगायचं तर रविवारात राम उरला नाही.

आत्या मात्र पेढा हातात धरून तशीच बसून राहिली.

"संपलं?" ती म्हणाली.

"संपलं," नाना म्हणाले. "राम राजा झाला. आणखी काय पाहिजे, आत्याबाई?"

"संपलं कसं? सीतेचं बाळंतपण राहिलं की!"

साठ माणसं हसली. आत्या हसली नाही.

आता यात सागरांची बाजूही समजून घेतली पाहिजे. त्यांनी मुख्य आधार घेतला होता तो तुलसीदासांच्या 'रामचरितमानसा'चा. तुलसीदासांनी लव-कुशांचा जाता जाता उल्लेख केला, पण गरोदर सीतेला रानात सोडल्याची कथा सांगितलीच नाही. वाल्मीकींच्या नावावर असलेलं उत्तरकांड ती सांगतं. पण ते कांड मागाहून जोडलेलं आहे, असं बऱ्याच विद्वानांचं मत. म्हणजे राज्याभिषेकाशी थांबण्याला मोठा आधार होता. आणि सोयही होती. दीड वर्ष ज्या रामाला घरोघर हार घातले, त्याने बायकोला घराबाहेर काढलं हे रविवारी सकाळी, चहा-पोह्यांच्या वेळी, कोणत्या तोंडाने दाखवणार? गोड घास तोंडात असताना ताट वाढवावं, हे कुठल्याही निर्मात्याला सुचणारं शहाणपण आहे.

पण आत्याचं रामायण वेगळं होतं. तिचं रामायण आकाशवाणीवरचं. पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, 'गीतरामायण' सुरू झालं. माडगूळकर लिहीत होते, सुधीर फडके चाली बांधत होते. आठवड्याला एक याप्रमाणे ५२ गाणी ठरली होती. त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून ५६ झाली. (मालिका वाढवण्याचं इतकं सात्त्विक कारण पुन्हा कुणाला मिळालं नाही.) त्या ५६ गाण्यांची बांधणी बघा. पहिलं गाणं कुश-लव रामापुढे बसून गातात तिथलं. म्हणजे सुरुवातच उत्तरकांडात! शेवटचं गाणं वाल्मीकींच्या तोंडी. ते मुलांना सांगतात, जा, रामापुढे जाऊन गा. संपलं की पुन्हा पहिल्या गाण्यापाशी. शेवट सुरुवातीला जाऊन मिळतो आणि दोन्ही टोकांना वाल्मीकी उभे. ज्यांच्या कानात हे बसलं होतं, त्यांना राज्याभिषेकाशी थांबणारं रामायण म्हणजे बाळ न दाखवताच उरकलेलं बारसं वाटणार नाही तर काय?

त्याच्याही आधीचं एक उदाहरण आपल्याकडेच आहे. पैठणच्या एकनाथ महाराजांनी 'भावार्थ रामायण' लिहायला घेतलं. युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायापर्यंत आले आणि देह ठेवला. ऐन लढाईत लेखक गेला! पुढचं युद्धकांड आणि अख्खं उत्तरकांड पूर्ण केलं गावबाने. हा गावबा कोण? तर आख्यायिका अशी, की पुरणपोळीशिवाय दुसरं काही न मागणारं हे एक मंद पोर, त्याला आईने नाथांच्या घरी आणून सोडलं, की बाबा, इथे तरी याचा हट्ट पुरवला जाईल. चार पंडित सोडून रामायणाची अखेर या पुरणपोळीवाल्याच्या हाती आली, आणि त्याने ती सीतेसकट पुरी केली. ज्याला घराने उपयोगाचा नाही म्हणून सोडला, त्यालाच घरातून काढलेल्या सीतेची गोष्ट पुरी करावीशी वाटली, यात मला तरी काही नवल वाटत नाही.

हे सगळं ध्यानात घेतलं म्हणजे १९८८ च्या ऑगस्टात पंजाबात जे घडलं ते समजतं. त्या महिन्यातल्या एका सकाळी नाना वर्तमानपत्र फडकवत चौकात आले.

"वाचलंत का, आत्याबाई? जालंदरला झाडूवाल्यांनी संप केलाय. पगारासाठी नाही, बोनससाठी नाही. रामायण पुढे दाखवा म्हणून! शहरभर कचरा साठलाय. आता काय म्हणावं या देशाला!"

आत्या वाती वळत होती. तिने मान वर केली नाही. "त्यांना कशाला हवंय पुढचं?"

"ते लोक म्हणे स्वतःला वाल्मीकींचे म्हणवतात."

"मग बरोबर आहे त्यांचं."

"काय बरोबर? अहो, कचरा..."

"नाना, मुलीचं पहिलं बाळंतपण कुठं होतं?"

"माहेरी. का?"

"सीतेचं कुठं झालं?"

नाना जरा थांबले. "वाल्मीकींच्या आश्रमात."

"म्हणजे माहेर कोणाचं झालं? राजवाड्यातून काढलेली, भरल्या दिवसांची पोर ज्यांच्या दारात आली आणि ज्यांनी तिला आत घेतलं, त्यांचं ना? दीड वर्ष सासरचे राजवाडे दाखवले. आता माहेर दाखवायची वेळ आली, तर दुकान वाढवलं! तुमच्या लेकीच्या बाबतीत असं केलं असतं, तर तुम्ही झाडू खाली ठेवला नसतात?"

नानांनी वर्तमानपत्राची घडी घातली. त्यांना लेक होती.

उत्तरेकडे, विशेषतः पंजाबात, साफसफाईचं काम पिढ्यान् पिढ्या ज्यांच्या गळ्यात बांधलं गेलं, ते बहुतेक लोक वाल्मीकी समाजाचे. महर्षी वाल्मीकी त्यांचे गुरू आणि त्यांचं दैवत. आपण ज्या कोजागिरीला मसाल्याचं दूध आटवतो, तोच अश्विन पौर्णिमेचा दिवस त्यांच्याकडे वाल्मीकी जयंतीचा. अमृतसरजवळ रामतीर्थ नावाचं ठिकाण आहे. तिथेच वाल्मीकींचा आश्रम होता, तिथेच लव-कुश जन्मले, अशी तिकडची श्रद्धा. म्हणजे जालंदरच्या माणसाला ही कथा पुराणातली नव्हे, शेजारच्या गावातली. दीड वर्ष तो आपली पाळी येण्याची वाट बघत बसला होता. राजे झाले, राक्षस झाले, वानर झाले, खारीलासुद्धा श्रेय मिळालं. आता आपला ऋषी येणार, राणीला आसरा देणार, राजपुत्रांना लहानाचं मोठं करणार, आणि ज्या राजाने तिला टाकलं त्याच्यासमोर भर दरबारात मुलांच्या तोंडून त्याचीच कथा ऐकवणार. आणि नेमकी तिथेच पाटी लागली: समाप्त.

झाडूचा गुण असा आहे, की तो चालतो तोवर चालवणारा कुणाला दिसत नाही. थांबला की दिसतो. जालंदरहून तो संप उत्तरेतल्या कितीतरी शहरांत पसरला. दिवस पावसाळ्याचे. त्याच पावसाळ्यात दिल्लीच्या यमुनापारच्या वस्त्यांत कॉलऱ्याने माणसं दगावली होती. रोगराईची ही टांगती तलवार बघून सरकार नमलं आणि पुढचे भाग मंजूर झाले. मालिका वाढवली! पेपरांतून थट्टा खूप झाली. टीव्हीचं वेड कुठल्या थराला गेलंय बघा, असं शहाणी माणसं म्हणाली. पण मला वाटतं, त्या लोकांना टीव्हीचं वेड अजिबात नव्हतं. देशभर चाललेल्या पंगतीत आपल्या पानावर काही वाढलंच नाही, एवढीच त्यांची तक्रार होती. आणि पान वाढलं नाही म्हणून उठून जायचा हक्क पंगतीत कुणालाही असतो.

त्याच वर्षी ऑक्टोबरात 'लव कुश' सुरू झालं. उत्तररामायण. आत्याने पुन्हा पहिली रांग धरली. पण या वेळी नानांच्या खोलीतलं वातावरण निराळं होतं. पहिल्या रामायणात पुरुष पुढे सरकून बघत, कारण लढाया होत्या. या रामायणात बायका पुढे सरकल्या. सीता रथातून उतरली आणि लक्ष्मण मान खाली घालून परत फिरला, तेव्हा कुणी कुणाकडे बघेना. आमच्याकडच्या जात्यावरच्या ओव्यांत सीतेचा वनवास बायकांनी अमाप गायला आहे. राज्याभिषेकाचं जातं एवढं फिरलेलं नाही. पुरुषांचं रामायण राज्याभिषेकाला संपतं. बायकांचं तिथे कुठे सुरू होतं.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. सीतेला धोब्याच्या बोलण्यावरून टाकलं, असं आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. वाल्मीकी रामायणात धोबी नाही. तिथे भद्र नावाचा रामाचा माणूस नगरात लोक काय बोलतात ते येऊन सांगतो. नगर म्हणजे सगळेच. व्यापारी, पंडित, तुम्ही-आम्ही. पुढे कथा सांगता सांगता कुणीतरी हा सार्वजनिक दोष उचलला आणि घाटावर कपडे आपटणाऱ्या एका गरिबाच्या डोक्यावर ठेवून दिला. पांढरपेशांनी आपले कपडे आणि आपलं पाप, दोन्ही एकाच माणसाकडे धुवायला टाकलं! झाडूवाल्यांचा ऋषी गाळायचा आणि धोब्याचा दोष वाढवायचा, ही संपादनाची कला फार जुनी आहे.

आणि गंमत बघा. सीतेला घराबाहेर काढणाऱ्या नगरीचा वारसा सांगायला कुणी पुढे येत नाही, पण तिचं बाळंतपण आपल्याच गावी झालं असं सांगणारी गावं ठिकठिकाणी आहेत. अमृतसरचं सांगितलंच. कानपूरजवळचं बिठूर तेच म्हणतं. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातलं रावेरीही तेच म्हणतं. तिथे सीतेचं देऊळ आहे. बाळंतीण सीतेने गावात गहू मागितला, कुणी पसाभर वाढला नाही, तेव्हा या गावात गहू पिकणार नाही असा शाप तिने दिला, अशी तिथली कथा. नाही म्हणणारेही आपणच होतो, हे सांगून वर तिचं देऊळ सांभाळणारं हे गाव मला फार मोठ्या मनाचं वाटतं. अयोध्या एकच आहे. सीतेची माहेरं मात्र गावोगाव.

मालिका संपल्यावर त्यातल्या मंडळींचं काय झालं? १९९१ च्या निवडणुकीत सीता झालेल्या दीपिका चिखलिया बडोद्यातून आणि रावण झालेले अरविंद त्रिवेदी साबरकांठातून निवडून आले. लोकसभेत सीता आणि रावण एकाच पक्षाच्या बाकांवर! राम झालेल्या अरुण गोविलांना मात्र तिथे पोचायला २०२४ उजाडलं. चौदा वर्षांचा सराव असलेल्या माणसाला तेहतीस वर्षं वाट बघावी लागली. वाल्मीकींच्या बाजूने संप केलेल्यांपैकी कोण कुठे पोचलं, याची नोंद अर्थातच कुणी ठेवली नाही. बहुधा दुसऱ्या दिवशी पहाटे ते रस्त्यावर पोचले असणार. कचरा बराच साठला होता.

मग २०२० साल आलं. मार्चमध्ये सारा देश घरात कोंडला गेला. २२ तारखेला संध्याकाळी आपण गॅलरीत उभं राहून थाळ्या वाजवल्या आणि २८ तारखेपासून दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखवायला घेतलं. नातवंडांनी आजोबांबरोबर बघितलं. १६ एप्रिलच्या भागाला ७ कोटी ७० लाख प्रेक्षक होते, असं दूरदर्शनने जाहीर केलं. राज्याभिषेक झाला आणि लगोलग, कुणी न मागता, 'उत्तर रामायण' सुरू झालं. संप नाही, मोर्चा नाही, कचरा नाही. जणू ते पहिल्यापासून असंच ठरलेलं होतं.

आमच्या घरी नातीने विचारलं, "आजोबा, हे सेकंड सीझन कोणी काढलं?"

मी तिला खिडकीशी नेलं. खाली रस्ता रिकामा होता. तोंडाला फडकं बांधून एक बाई आणि एक पुरुष कचऱ्याची ढकलगाडी लोटत होते. सगळा देश दारं लावून आत रामायण बघत होता, आणि बाहेर एवढीच दोन माणसं होती. त्यांना त्या वेळी टीव्ही बघायची सवड नव्हती.

"यांच्यासारख्यांनी," मी म्हटलं.

तिला ते नीट कळलं की नाही कोण जाणे. ती पुन्हा जाऊन बसली. तिकडे पडद्यावर वाल्मीकी ऋषी दारात उभे राहून सीतेला म्हणत होते की ये, आत ये. आत्या असती तर हात जोडून म्हणाली असती, "हं, आता झालं रामायण."

तर मंडळी, लेख लांबला. आता वाढवतो. म्हणजे जुन्या अर्थाने.